नव्वद सेकंदांत न जुळणारा हिशेब

पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेस कोणताही बदल मूळ फायलींत उतरवण्याआधी तो एका क्रमवार नोंदवहीत लिहितो; ही नोंदवही म्हणजे रोजकीर्द आणि मूळ फायली म्हणजे खतावणी, असे मानले तर ‘चेकपॉइंट’ ही खतावणी कुठपर्यंत पुरी झाली हे सांगणारी खूण ठरते. वीज गेल्याने किंवा मेमरी संपून लिनक्सच्या कर्नलने सर्व्हर मारल्याने काम मध्येच तुटले, तर पुढच्या वेळी सुरू होताना डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनच्या नोंदी पुन्हा लागू करतो; हीच त्याची दुरुस्ती, आणि नोंदी पुष्कळ व डिस्क संथ असेल तर यात बराच वेळ जातो.

बहुतेक लिनक्स प्रणालींवर सेवा सुरू करण्याचे काम सिस्टमडी पाहते. सेवेने वेगळी मुदत सांगितलेली नसेल, तर ती ९० सेकंदांत तयार न झाल्यास सिस्टमडी तिला थांबवते आणि न थांबल्यास बळजबरीने मारते. पोस्टग्रेसक्यूएलची दुरुस्ती अशी तोडली गेली की ती पुढच्या खेपेस त्याच चेकपॉइंटपासून आरंभ करते. अपयशानंतर आपोआप पुन्हा सुरू करण्याची सूचनाही दिलेली असेल, तर हे चक्र संपत नाही. खरा धोका मात्र यापुढे असतो, कारण लॉगमधील अपयशाच्या ओळी पाहून डेटा बिघडल्याचा समज होतो आणि ‘पीजी-रिसेटवाल’ हे साधन चालवून नोंदवहीच पुसली जाते, म्हणजेच कायम झालेले व्यवहारही गमावले जाऊ शकतात.

पोस्टग्रेसक्यूएलच्या अधिकृत दस्तऐवजात ही मुदत अमर्याद ठेवण्याची सूचना आहे. ती ‘सिस्टमसीटीएल एडिट’ या आज्ञेने पूरक फाइलमध्ये लिहावी, कारण पॅकेजसोबत आलेली मूळ फाइल अद्ययावतीकरणात बदलली जाते. मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसची रीत अधिक समंजस म्हणावी लागेल: दुरुस्ती चालू असताना तो स्वतःच सिस्टमडीकडे मुदतवाढ मागतो.

अमर्याद मुदतीत खरोखर अडकलेला सर्व्हर ओळखायचा कसा, हा आक्षेप रास्त आहे. २०२२ मधील पोस्टग्रेसक्यूएल १५ पासून दुरुस्ती कुठवर आली याची ओळ दर १० सेकंदांनी लॉगमध्ये उमटते, आणि ती पुढे सरकत असेल तर सर्व्हरला हात लावू नये. चेकपॉइंट मुळातच अधिक वेळा घेतले तर दुरुस्ती लवकर आटोपते, पण प्रत्येक चेकपॉइंटनंतर बदललेली पाने प्रथम पूर्णच्या पूर्ण नोंदवावी लागत असल्याने रोजच्या कामात डिस्कवरचा भार वाढतो.