साध्या मजकुरातील डेटाबेस व दस्तऐवजात चालणारे आज्ञाखंड : एक परिचय

प्रस्तावना :

इ. स. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी ‘ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्या विकसित देशांचे सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले, तेथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आर्थिक वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्के होता, असे त्यात मांडले होते. हा आकडा अनेक देशांच्या धोरणचर्चेत वापरला गेला. पुढे २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ लेखकांकडून त्यांची एक्सेल फाइल मिळविली. सरासरी काढणाऱ्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या, हे त्याला त्या फाइलीत आढळले. मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांसह त्याने केलेल्या फेरगणनेत हा दर अधिक २.२ टक्के निघाला. सगळा फरक या एका चुकीमुळे पडला नव्हता. भारांकनाची पद्धत व काही वर्षांची वगळलेली आकडेवारी यांचा वाटा त्यात अधिक होता. तथापि, यांपैकी कोणतीही गोष्ट छापील निबंध वाचून कोणाच्या लक्षात येणे कठीण होते. आकडा निबंधात होता आणि तो ज्या मार्गाने निघाला तो मार्ग दुसऱ्याच एका फाइलीत, चौकटींच्या आड होता.

आधारसामग्री, गणन व विवेचन या तिन्ही गोष्टी परस्परांपासून तुटल्या की असे घडते. त्या एकत्र जोडणाऱ्या एका पद्धतीचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

साध्या मजकुरातील नोंदी :

ग्नू प्रकल्पातील ‘रेकयूटिल्स’ हा आज्ञावलींचा संच होसे मार्चेसी यांनी विकसित केला. त्यातील डेटाबेस म्हणजे कोणत्याही संपादकात उघडणारी मजकुराची फाइल होय. एका ओळीत फील्डचे नाव, विसर्गचिन्ह व मूल्य लिहावयाचे आणि एक रिकामी ओळ सोडली की दुसरी नोंद सुरू होते. विभागीय ग्रंथसंग्रहाच्या दोन नोंदी अशा दिसतील :

ग्रंथ: रणांगण
लेखक: विश्राम बेडेकर
वर्ष: १९३९

ग्रंथ: बनगरवाडी
लेखक: व्यंकटेश माडगूळकर
वर्ष: १९५५

येथे सर्व काही वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहे. प्रत्यक्षात फील्डची नावे रोमन लिपीत द्यावी लागतात. मूल्ये मराठीत चालतात. परंतु जे फील्ड संख्या म्हणून घोषित केले आहे त्यातील अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपातच लिहावे लागतात. देवनागरी अंकांतील १९३९ हे या तंत्राच्या दृष्टीने केवळ अक्षरे ठरतात. मराठीत काम करणाऱ्यांनी ही मर्यादा आरंभीच ध्यानी घेतलेली बरी.

फाइलीच्या प्रारंभी एक वर्णननोंद ठेवता येते. कोणते फील्ड अनिवार्य आहे, कोणते पुनरावृत्त होता कामा नये आणि कोणात केवळ संख्याच यावी, हे नियम तीत सांगितलेले असतात. ‘रेकफिक्स’ ही आज्ञावली या नियमांनुसार संपूर्ण फाइल तपासते व नियमभंग असल्यास तो दाखवून देते. ‘रेकसेल’ ही आज्ञावली अटीनुसार नोंदी निवडते, त्यांचे गट पाडते, बेरीज वा सरासरी काढते आणि दोन प्रकारच्या नोंदींची सांगडही घालते. या शेवटच्या सोयीचे महत्त्व मराठी ग्रंथसूचीत विशेष आहे. ‘विंदा करंदीकर’, ‘गो. वि. करंदीकर’ व ‘गोविंद विनायक करंदीकर’ हे संगणकाला तीन लेखक वाटतात. लेखकांच्या नोंदी स्वतंत्र ठेवून ग्रंथाच्या नोंदीत केवळ लेखकाचा क्रमांक दिला, तर हा घोळ मुळातच टळतो.

साध्या मजकुराचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. अनेक कार्यालयांनी एके काळी फॉक्सप्रोत माहिती साठविली. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचे साहाय्य २०१५ मध्ये पूर्णपणे थांबविले. साध्या मजकुराला असा एखाद्या कंपनीवर अवलंबून असलेला शेवट नसतो. अर्थात मजकूर युनिकोडमध्ये असणे आवश्यक आहे. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेल्या जुन्या मराठी फाइली तो टंक नसलेल्या संगणकावर उघडून पाहिल्यास ही अट का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दस्तऐवजातील आज्ञाखंड :

आज्ञावली प्रथम माणसाने वाचावी अशा रीतीने लिहिली जावी, हा विचार डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये मांडला. त्याच परंपरेत फ्रीडरिश लाइश यांच्या ‘स्वीव्ह’ने २००२ मध्ये आर भाषेतील सांख्यिकी गणन थेट लेखात आणले. ‘ऑर्ग’ ही ईमॅक्स संपादकातील लेखनपद्धती कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केली. एरिक शुल्टे व डॅन डेव्हिसन यांनी विकसित केलेला ‘बेबल’ हा भाग २०१० मध्ये तीत समाविष्ट झाला. बेबलमुळे एकाच लेखात गद्य व निरनिराळ्या संगणकभाषांतील आज्ञाखंड शेजारी शेजारी राहू शकतात. आज्ञाखंड चालविला की त्याची निष्पत्ती त्याच्याखालीच कोष्टकाच्या रूपाने उमटते.

रेकयूटिल्ससाठीचा ‘ओबी-रेक’ हा छोटा दुवा या दोहोंना जोडतो. आज्ञाखंडाच्या शीर्षओळीत नोंदींच्या फाइलीचे नाव, नोंदींचा प्रकार व हवी असलेली फील्ड सांगावयाची आणि खंडात केवळ निवडीची अट लिहावयाची. उदाहरणार्थ, वर्ष १९५० पेक्षा कमी. दुवा ती अट रेकसेलकडे पाठवितो आणि मिळालेल्या नोंदींचे ऑर्गमधील कोष्टक बनवितो. या कोष्टकाला नाव दिले की आर वा पायथन भाषेतील पुढील आज्ञाखंड ते आपले आदान म्हणून घेऊ शकतो व त्यावरून सरासरी काढतो किंवा आलेख रेखाटतो. कोणतीही आकडेवारी हाताने उतरवून घ्यावी लागत नाही. परीक्षकाला शंका आली तर आकड्यापासून आज्ञेपर्यंत आणि आज्ञेपासून मूळ नोंदीपर्यंत तो वाचत मागे जाऊ शकतो. हर्नडनला ज्यासाठी लेखकांशी पत्रव्यवहार करावा लागला, ते येथे लेखासोबतच हाती येते.

याचा अर्थ चुका होणार नाहीत असा नव्हे. चुकीची अट लिहिली तर उत्तरही चुकीचेच येईल. मात्र ती अट डोळ्यांसमोर राहील.

व्यवहारातील काही सावधगिरी :

नोंदी बदलल्या म्हणून दस्तऐवजातील कोष्टक आपोआप बदलत नाही. आज्ञाखंड पुन्हा चालवावा लागतो. ज्यांची निष्पत्ती छापावयाची आहे असे आज्ञाखंड अंतिम प्रत तयार होताना एरव्ही पुन्हा चालतात. परंतु वेळ वाचविण्यासाठी निष्पत्ती जपून ठेवण्याचा पर्याय निवडलेला असल्यास एक सूक्ष्म धोका संभवतो. हा पर्याय आज्ञाखंडाचा मजकूर, त्याची शीर्षओळ व त्याला दिलेली मूल्ये बदलली आहेत का, एवढेच पाहतो. बाहेरील फाइलीतील नोंदी बदलल्याचे त्याला कळत नाही. परिणामी नव्या नोंदींवर जुने कोष्टक छापले जाऊ शकते, आणि ते दिसते मात्र अगदी अचूक. नोंदींच्या फाइलीवर आधारलेल्या आज्ञाखंडांसाठी हा पर्याय टाळणेच इष्ट.

परक्याकडून आलेल्या दस्तऐवजातील आज्ञाखंड न वाचता चालवू नये, हेही ओघाने आले. ऑर्ग प्रत्येक वेळी संमती विचारते, ते याचसाठी. ही विचारणा बंद करण्याची सोय आहे, परंतु ती वापरण्यात शहाणपण नाही.

या पद्धतीला आकारमानाचीही मर्यादा आहे. विभागाचा ग्रंथसंग्रह, क्षेत्रकार्यातील मुलाखतींची सूची, प्रयोगशाळेतील वर्षभराची निरीक्षणे यांना ती पुरेशी पडते. अनेक लिपिक एकाच वेळी नोंदी भरीत असतील, किंवा नोंदींची संख्या लाखांत असेल, तेथे एसक्यूलाइट किंवा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्यावा. बेबलचे आज्ञाखंड त्यांनाही प्रश्न विचारू शकतात. त्यामुळे माहितीसाठा बदलला तरी लेखाची बांधणी तीच राहते, फक्त अट एसक्यूएल भाषेत लिहावी लागते.