ऐनवेळी ठरणारी नावे

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतरा आहे. येथील औद्योगिक वसाहत स्पंज लोखंडाच्या भट्ट्यांसाठी ओळखली जाते. किंचित उतरत्या ठेवलेल्या आणि सावकाश फिरणाऱ्या लांबलचक नळीत लोहखनिज व दगडी कोळसा एकत्र तापवतात. खनिज वितळत नाही. त्यातील प्राणवायू तेवढा निघून जातो आणि मागे सच्छिद्र लोखंड उरते. या क्रियेत कोळशातील राखेला फार महत्त्व आहे. राख अधिक असली आणि ती तापाने मऊ पडली, तर भट्टीच्या आतल्या अंगाला थरावर थर चढतात व अखेर भट्टी बंद ठेवावी लागते.

अशा कारखान्यातील कोळशाचा हिशेब संगणकाकडे सोपवायचा आहे, अशी कल्पना करावी. आज्ञावली लिहिणारा प्रथम ‘कोळसा’ नावाची एक वस्तू निर्माण करतो. संगणकाच्या परिभाषेत वस्तू म्हणजे एक प्रकारची वहीच होय. तीत एका बाजूस नाव, म्हणजे गुणधर्म, आणि त्यासमोर त्याचे मूल्य असते. ‘कोरबा’ या नावासमोर तेथील कोळशाच्या राखेचे प्रमाण लिहिले जाते. परंतु उद्याचा कोळसा वणीहून येईल की आणखी कोठून, हे लिहिणाऱ्यास आज ठाऊक नसते. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याच्यासाठी रकाना आखावा कसा?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली रचलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत याचे उत्तर सुबक आहे. ‘कोळसा’ या शब्दापुढे टिंब देऊन ‘खाण’ असे लिहिले, तर यंत्र ‘खाण’ याच नावाचा रकाना उघडते. ते अक्षरशः अर्थ घेते. तोच शब्द चौकोनी कंसात लिहिला, तर यंत्र आधी ‘खाण’ या चलात त्या घटकेला काय साठवले आहे ते पाहते. तेथे ‘वणी’ असेल, तर रकाना ‘वणी’ या नावाचा उघडतो. पूर्वी त्यासाठी आधी वस्तू तयार करून मग स्वतंत्र वाक्याने तीत भर घालावी लागे. २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीपासून वस्तू रचतानाच असे कंसातले नाव देता येते. पायथन भाषेत हेच काम ‘सेटअ‍ॅटर’ या फलनाने अथवा शब्दकोशाच्या रचनेने साधते.

तथापि या मोकळिकीबरोबर एक जोखीमही येते. नाव चुकले तरी यंत्र सहसा तक्रार करीत नाही. ते निमूटपणे नवा रकाना उघडते. हिंदी लेखनात ‘रायगढ़’ या नावातील अखेरचे अक्षर नुक्ता देऊन लिहितात. संगणकात ते दोन प्रकारे साठवता येते: नुक्त्यासह एकच अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘ढ’ आणि त्यामागून वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न नावे ठरतात. मराठीतील ‘ऱ’ या अक्षराचीही तीच गत आहे. परिणामी एकाच खाणीचा कोळसा दोन नावांखाली विभागला जातो. राखेचा नवा आकडा एका रकान्यात पडतो आणि भट्टीवरचा मनुष्य दुसऱ्यातील जुना आकडा प्रमाण मानतो.

यावर उपाय आहेत. बाहेरून आलेले नाव वापरण्यापूर्वी त्याचे एकरूपीकरण करावे. त्यासाठी ‘नॉर्मलाइझ’ ही सोय भाषेतच आहे. मग ते मान्य नावांच्या यादीशी ताडून पाहावे आणि अनोळखी नाव आढळल्यास थांबून माणसाला विचारावे. शिवाय जावास्क्रिप्टच्या साध्या वस्तूत काही नावे जन्मजातच असतात आणि बाहेरचे नाव त्यांच्याशी जुळल्यास घोटाळा होतो. म्हणून अशा नोंदींसाठी २०१५ साली आलेली ‘मॅप’ ही रचना अधिक निर्धोक ठरते. नाव ऐनवेळी ठरण्यास हरकत नाही. मात्र ते पारखूनच वहीत चढवले पाहिजे.