परदेशातून आलेला तबकड्यांचा संच आणि आक्कांच्या सासूबाईंचा आवाज

वाचकहो, घरात नवीन यंत्र आले की पहिले दोन दिवस त्याच्यापुढे उदबत्ती लावण्याइतके कौतुक असते आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारते, “हे चालत का नाही?” आमच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या घरी २०२४च्या दिवाळीत असेच झाले. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याने येताना तिकडचा, आपल्या वापरातला एक ब्लू-रे संच आणला. डीव्हीडीही चालते, ब्लू-रे तबकडीही चालते, आणि तार न जोडता वायफायवरून इंटरनेटही घेतो, असा.

आणण्यामागे कारण होते. २००९ साली भाचीचे लग्न झाले, तेव्हा हळद दळताना आक्कांच्या सासूबाई जात्यावर ओव्या म्हणाल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचा आवाज उरला तो लग्नाच्या त्या एका डीव्हीडीत. घरातला जुना डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला. नातवाने मनात धरले होते, की आजीचा आवाज भाऊबीजेच्या दिवशी मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना ऐकवायचा.

पहिली ठेच पिनेलाच लागली. पाठीमागच्या पट्टीवर १२० व्होल्ट असे छापलेले. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. वायरमनचे काम शिकणाऱ्या शेजारच्या पोराने ती पट्टी वाचली म्हणून बरे, नाहीतर दिवाळीचा पहिला फटाका घरातच वाजला असता. तेव्हा परदेशातून कुणी काही आणले, तर आधी ही पट्टी पाहा. ‘११० ते २४०’ लिहिले असेल तर नुसती पिन बदलली की भागते. फक्त १२० असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो तालुक्याहून आणण्यात एक दिवस गेला.

या जातीचे संच आले कसे, तेही थोडक्यात सांगतो. ब्लू-रे तबकडी २००६ साली बाजारात आली. दिसायला ती डीव्हीडीएवढीच. पण डीव्हीडी तांबड्या लेझरने वाचतात, ही निळसर जांभळ्या. हा प्रकाश अधिक बारीक टिपतो, त्यामुळे तबकडीवरच्या ओळी जवळजवळ घालता येतात. पाभरीचे फण जवळ आणले की तेवढ्याच रानात जास्त काकऱ्या बसतात, तसेच हे. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावते, ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी. पुढे २००९च्या सुमारास या संचांतच वायफाय बसवून मिळू लागले आणि अमेरिकेत लोकांनी ते हौसेने घेतले. कारण तबकडीही लावता येते आणि नेटफ्लिक्ससारखे चित्रपट इंटरनेटवरूनही पाहता येतात.

त्या गिऱ्हाइकांना काय अनुभव आले, ते भाच्याने मला ओट्यावर बसून सांगितले. सुरुवातीच्या काही खोक्यांवर ‘वायफाय रेडी’ असे शब्द होते. माणसाला वाटे, वायफाय आत आहे. घरी येऊन पाहावे तर त्यासाठीचा छोटा तुकडा वेगळा विकत घ्यावा लागे! ‘तयार’ म्हणजे ‘आहे’ नव्हे, हे बैल बघायला गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण खोके बघणाऱ्याला सांगावे लागते.

दुसरी तक्रार जास्त खरी होती. संच धडधाकट असतो, पण त्याच्यातली सोय परस्पर बंद होते. एप्रिल २०१५मध्ये यूट्यूबने आपली जुनी पद्धत बंद केली आणि २०१२ सालचे व त्याआधीचे कित्येक टीव्ही आणि ब्लू-रे संच यूट्यूबला मुकले. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. पलीकडच्या माणसाने दार लावून घेतले, एवढेच.

आणि जून २०२०मध्ये तर नवल घडले. महामारीमुळे जग घरात बसलेले, आणि सॅमसंग कंपनीचे बरेच ब्लू-रे संच ठिकठिकाणच्या घरांत एकाएकी बिघडले. चालू करावा, की संच आपोआप बंद होई, पुन्हा चालू होई, पुन्हा बंद. असे थांबणेच नाही. जाणकारांनी शोध घेतला तेव्हा दिसले, की इंटरनेटवरून संचांनी आपण होऊन घेतलेल्या एका लहानशा फाइलीत चूक होती. सुरू होताना संच ती फाइल वाची आणि अडखळून पडे. फाइल आत साठलेली, त्यामुळे इंटरनेट तोडूनही उपयोग होईना. अखेर अमेरिकेत कंपनीने ते संच टपालाने मागवून दुरुस्त करून दिले. गंमत अशी, की तिकडच्या बाजारासाठी नवे ब्लू-रे संच काढणे त्या कंपनीने २०१९ सालीच थांबवले होते. नुसत्या तबकड्या लावणाऱ्या, इंटरनेटला कधीच न जोडलेल्या संचाला मात्र या भानगडीचा स्पर्शही झाला नसता. मला तरी यात विचार करण्यासारखे वाटले.

आता आक्कांच्या घरी या. ट्रान्सफॉर्मर आला, संच लागला, मोबाइलवरून इंटरनेट दिले. लगेच पडद्यावर सूचना: आतला कारभार नवा करायचा आहे, वीज बंद करू नका. वाचकहो, ‘वीज बंद करू नका’ हे आपल्याला सांगून काय उपयोग? ते सांगायचे तर भारनियमनाला सांगावे! पण सूचना गंभीरपणे घ्या. असे काम अर्धवट असताना वीज गेली, तर संच कायमचा मुका होऊ शकतो. भाच्याने शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर उचलून आणला, मगच बटण दाबले. मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डेटा होता, त्यातला बराच या कामी गेला. तुम्ही अशा संचावर इंटरनेटचे चित्रपट पाहणार असाल तर हेही ध्यानात घ्या, की स्वच्छ चित्राच्या एका तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. आणि जुन्या वाड्याच्या दीड हाती भिंतीतून वायफाय नीट पोचत नाही. शक्य असेल तिथे तारच ओढावी.

सगळे सिद्ध झाले. आक्कांनी देवघरातल्या पेटीतून डीव्हीडी काढली, पदराने पुसली. संचाने ती आत घेतली, थोडा वेळ घुर्रघुर्र केले आणि पडद्यावर लिहून दिले: ही तबकडी चालू शकत नाही.

कुणी काही बोलले नाही. आक्का म्हणाल्या, “राहू दे रे, चहा टाकते,” आणि आत गेल्या.

प्रथम आम्हाला वाटले, ही विभागाची अडचण असणार. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्यांना जगाचे विभाग पाडलेले असतात. डीव्हीडीसाठी अमेरिका १ आणि भारत ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए आणि भारत सी. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या संचात बहुधा चालत नाही. पण लग्नाच्या डीव्हीडीला असले कुलूप नसते. खरे कारण निराळे निघाले. आपल्याकडे चित्र ‘पाल’ पद्धतीने, सेकंदाला २५ चौकटींचे. अमेरिकेत एनटीएससी, जवळजवळ ३० चौकटींचे. तिकडचे बरेच संच आपल्या पद्धतीची डीव्हीडी वाचतच नाहीत. सात समुद्र ओलांडून आणलेले यंत्र नेमके त्याच कामाला निरुपयोगी!

दुसऱ्या दिवशी भाचा आणि मी डीव्हीडी घेऊन तालुक्याच्या फोटो स्टुडिओत गेलो. संगणकाला पालचे काही वावडे नाही. पण त्या मुलाने तबकडी उजेडात धरली आणि कडेचा फिकट डाग दाखवला. घरी भरलेल्या अशा तबकड्यांत रंगाचा पातळ थर असतो. ऊन आणि उष्णतेने तो मरतो, आणि कडेने हवा-ओल शिरते. पंधरा वर्षे पत्र्याखालच्या पेटीत राहिलेली ती तबकडी. पहिला प्रयत्न मधेच अडला. दुसऱ्यांदा त्याने संथ गतीने वाचायला लावली. शेवटची काही मिनिटे, म्हणजे वरात, गेलीच.

हळद वाचली. कारण साधे आहे. तबकडी मधून बाहेर लिहीत जातात. लग्नात जे आधी झाले ते आतल्या बाजूला, जे शेवटी झाले ते कडेला. हळद दळणे पहिले. सासूबाई मधोमध बसल्या होत्या, म्हणून राहिल्या.

त्या मुलाने सगळे एका पेनड्राइव्हवर भरून दिले. तो पेनड्राइव्ह आम्ही ब्लू-रे संचाला लावलाच नाही. इकडेच घेतलेल्या टीव्हीच्या बाजूला जी खाच असते, तिथे लावला. लागला. म्हणजे एवढ्यासाठी संच लागलाच नव्हता, हे भाच्याच्या ध्यानात आले, पण तो काही बोलला नाही आणि आम्हीही काढले नाही.

तुमच्या घरी २००५-१०च्या सुमाराच्या लग्नाच्या, बारशाच्या तबकड्या असतील तर या उन्हाळ्याआधी त्या काढा, कडेने उजेडात धरून पाहा आणि दोन ठिकाणी उतरवून घ्या. पेनड्राइव्हही अमर नसतो, म्हणून दोन. व्हिडिओ कॅसेट असेल तर आणखी घाई करा, कारण ती चालवणारे यंत्र शोधण्यातच दिवस जातील.

आक्कांकडे तीन प्रती झाल्या. एक त्यांच्या पेटीत, एक न्यू जर्सीत, एक माझ्या कपाटात. संचाचे वायफाय बंद करून ठेवले आहे. भाच्याने तिकडून आणलेल्या कार्टूनच्या तबकड्या त्यावर लागतात, पोरे खूश आहेत. आणि आक्का दुपारी कामे उरकली की टीव्हीवर तेवढा हळदीचा भाग लावतात. परवा मी गेलो तेव्हा त्या सांगत होत्या, की सासूबाई तिसऱ्या ओवीत मुद्दाम आपले नाव घालायच्या, ते इतक्या वर्षांत आपण विसरूनच गेलो होतो.