ढाल किती आणि तलवार किती? : पत्त्यांच्या एका नव्या खेळाचा विचार

पत्ते हा शब्द कानीं पडतांच आपल्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. उन्हाळ्याच्या सुटींत माजघरांत बदामसात किंवा मेंढीकोट यांचे डाव रंगावेत, यास कोणाची हरकत नसते; परंतु पैसा मध्यें आला कीं खेळाचा जुगार होतो, ही त्यांची धास्ती रास्तच आहे. अलीकडे मुलांच्या हातीं जे चित्रमय पत्ते दिसतात, ते तर बंद पाकिटांतून विकत आणावे लागतात. तेव्हां हा खेळ आहे कीं नवें व्यसन, असा प्रश्न आईनें किंवा आजोबांनीं विचारणें स्वाभाविक आहे. तथापि निर्णय देण्यापूर्वीं वस्तु जाणून घ्यावी, हा न्याय खेळासही लागू आहे.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड नामक अमेरिकन गणितज्ञानें तो रचिला आणि १९९३ सालीं ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें तो विक्रीस आणिला. आपल्या नेहमींच्या कॅटांत ५२ पानें असतात, दशावतारी गंजिफांत १२०. परंतु संख्या कांहींही असली तरी सर्व खेळाडू एकाच कॅटांतून पानें घेतात. या नव्या खेळांत प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणितो. आजवर छापलेलीं निरनिराळीं पानें वीस हजारांहून अधिक आहेत. त्यांतून निवड करावयाची. म्हणून अर्धा खेळ पटावर बसण्यापूर्वींच खेळला जातो.

नियम थोडक्यांत असे. दोघांच्या नेहमींच्या सामन्यांत कॅट निदान ६० पानांचा असावा. एकाच नांवाचीं पानें चारांहून अधिक नसावीत. आरंभीं हातीं सात पानें घ्यावीं. प्रत्येकाच्या खातीं २० ‘प्राण’ असतात व ते शून्यावर आले कीं हार. पानांत एक वर्ग ‘भूमी’चा आहे, त्यांतील मूळ भूमींस चारांची मर्यादा नाहीं. दर पाळीस एकच भूमि मांडतां येते, आणि भूमीपासून जें बळ मिळतें त्यावरच इतर पानांचें मोल चुकवावयाचें. पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा असे पांच रंग असून प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

कॅट बांधतांना पहिला धडा मिळतो तो त्यागाचा. नवशिक्या मुलास आवडलेलें प्रत्येक पान आंत घालावेंसें वाटतें आणि पाहतां पाहतां कॅट ८० पानांचा होतो. यांत काय बिघडतें, तें गणितानें पाहावें. ६० पानांत एखादें पान चार वेळां असेल, तर पहिल्या सात पानांत त्यांपैकीं निदान एक येण्याचा संभव शेंकडा ४० आहे. तेंच पान एकदांच घातलें, तर संभव शेंकडा १२ च्याही खालीं जातो. आणि चार ठेवूनही कॅट ८० चा केला, तर तो शेंकडा ३१ वर उतरतो. म्हणजे घातलेलें प्रत्येक जादा पान आपल्या उत्तम पानास दूर ढकलतें. यास्तव जाणते खेळाडू ६० च्या पुढें सहसा जात नाहींत. या साठांत सुमारें २४ भूमि ठेवण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबानें पहिल्या सातांत सरासरी २.८ भूमि येतात. भूमि फार झाल्या तर करावयास कांहीं उरत नाहीं, थोड्या झाल्या तर उत्तम पानें हातांत कुजतात. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या गृहिणीस हें तत्त्व नव्यानें सांगावें लागणार नाहीं.

आतां मुख्य प्रश्न संरक्षणाचा. शत्रूचीं सैन्यें चालून येणार, हें निश्चित. मग ढाल कोणती घ्यावी? ढालींचे स्थूलमानानें चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार ‘फॉग’, म्हणजे धुकें. एका हिरव्या भूमीच्या मोलांत त्या पाळीपुरता युद्धांतील सर्व आघात टळतो. नवशिक्यास हें पान फार आवडतें; परंतु आपलें एक पान खर्च होतें आणि शत्रूचें सैन्य जसेंच्या तसें उभें राहतें. ती एक पाळी मिळाल्यानें आपला निर्णायक डाव साधणार असेल तरच धुकें उपयोगी. एरवीं तें मरण एक दिवस पुढें ढकलणें होय.

दुसरा प्रकार ‘स्वोर्ड्स टु प्लाउशेअर्स’. तलवारी मोडून नांगराचे फाळ करावे, या बायबलांतील कल्पनेवरून हें नांव आलें आहे. एका पांढऱ्या भूमीच्या मोलांत शत्रूचा कितीही बलाढ्य वीर रणांगणांतून कायमचा जातो. मात्र त्याच्या बळाइतके प्राण त्याच्या धन्यास मिळतात. शत्रूस थोडें दान द्यावें लागलें तरी एकास एक असा हा चोख व्यवहार आहे.

तिसरा प्रकार ‘काउंटरस्पेल’. दोन निळ्या भूमीच्या मोलांत शत्रूचा मंत्र उच्चारला जात असतांच तो निष्फळ करितां येतो. परंतु शत्रूच्या पाळींत त्या दोन भूमि न वापरतां राखून ठेवाव्या लागतात, आणि संकट एकदां उंबरठ्याच्या आंत आलें कीं हें पान व्यर्थ. ज्यास धीर धरवत नाहीं, त्याच्या हातीं तें शोभत नाहीं.

चौथा प्रकार ‘रॅथ ऑफ गॉड’, म्हणजे ईश्वरी कोप. चार भूमीच्या मोलांत दोन्ही पक्षांचे सर्व वीर नष्ट होतात. आपले वीर थोडे आणि शत्रूचे पुष्कळ असतील तर एका पानानें तीन-चार पानें जातात. स्वतःचें सैन्य मोठें ठेवणाऱ्यानें मात्र हें पान घेणें म्हणजे आपल्याच घरास काडी लावणें होय.

यावरून निवडीचे नियम सहज निघतात. संरक्षण कोणत्या संकटापासून हवें, तें आधीं ठरवावें. ढालीचें मोल शत्रूच्या शस्त्राहून शक्य तों हलकें असावें. आणि जी ढाल एकाच जातीच्या बाणास अडविते ती मुख्य कॅटांत घालूं नये. अशा विशेष ढालींसाठीं स्पर्धांच्या नियमांत १५ पानांची निराळी शिदोरी राखण्याची सोय असून पहिल्या डावानंतर तींतील पानें बदलून घेतां येतात.

तरी केवळ ढालींनीं युद्ध जिंकतां येतें काय? १९९५-९६ च्या सुमारास ब्रायन वाइसमन या खेळाडूनें बांधलेला कॅट या खेळाच्या इतिहासांत केवळ ‘द डेक’ या नांवानें ओळखला जातो. त्यांत बहुतेक सर्व पानें निवारणाचीं व हात भरून ठेवण्याचीं होतीं. जिंकण्यासाठीं ‘सेरा एंजल’ नांवाचे उडते देवदूत अवघे दोन. शत्रूचे सर्व उपाय सरले कीं ते दोन पुरे होत. याच्या अगदीं उलट, १९९६ सालीं पॉल स्लाय यानें खेळविलेला, जे श्नायडर याच्या कल्पनेचा तांबडा कॅट. त्यांतील पानें दिसावयास क्षुल्लक, पण मोलानें इतकीं हलकीं कीं प्रत्येक पाळींत प्रत्येक भूमीचा उपयोग व्हावा. दोन्ही मार्ग यशस्वी झाले, कारण दोहोंत उद्देश एकच व स्पष्ट होता. अर्धा घोडा व अर्धा बैल जुंपलेल्या गाडीसारखा कॅट मात्र कोठेंच पोंचत नाहीं.

१९९९ सालीं माइक फ्लोरेस यानें ‘हूज द बीटडाउन?’ हा लेख लिहून आणखी एक मर्म उघड केलें. दोन सारख्या कॅटांची गांठ पडली तरी एकाचें काम चढाईचें व दुसऱ्याचें थोपविण्याचें असतें. आपलें काम कोणतें, हें जो चुकीचें ओळखतो तो हरतो. कौटिल्याच्या षाड्गुण्यांत ‘यान’ आणि ‘आसन’ हे दोन निरनिराळे गुण सांगितले आहेत. केव्हां चालून जावें आणि केव्हां स्वस्थ बसून वाट पाहावी, याचा विवेक तोच हा.

आतां पैशाचा प्रश्न. वडिलांची शंका निराधार नाहीं. १९९३ च्या मूळ नियमांत प्रत्येकानें आपलें एक पान पणास लावावें व जिंकणाऱ्यानें तें न्यावें अशी रीत होती. पुढें अधिकृत स्पर्धांतून ती बाद झाली, हें योग्यच झालें. बंद पाकिटांत मात्र दैवाचा अंश आजही आहे. मूळच्या १५ पानांच्या पाकिटांत ११ साधारण, ३ मध्यम व १ दुर्मिळ अशी वांटणी असे, आणि त्या एका पानाच्या आशेनें मूल पाकिटामागून पाकीट फोडतें. येथें मुलास एक गोष्ट समजावून द्यावी, कीं दुर्मिळता आणि सामर्थ्य हीं एक नव्हेत. वर सांगितलेलें ‘फॉग’ पहिल्या आवृत्तींत साधारण वर्गांत होतें; ‘काउंटरस्पेल’ व ‘स्वोर्ड्स’ मध्यम वर्गांत. शिवाय पाहिजे तें पान सुटें विकत घेतां येतें.

यास्तव घरांत तीन नियम असावेत. खर्चाची रक्कम आधीं ठरावी, आणि ती पाकिटें फोडण्यांत न जातां नेमकीं सुटीं पानें घेण्यांत जावी. कोणतेंही पान पणास लावूं नये. धाकट्या भावंडाशीं किंवा शेजारच्या लहान मुलाशीं पानांची अदलाबदल वडीलधाऱ्यांच्या समक्षच व्हावी. कारण चकचकीत चित्र देऊन उपयोगाचें पान काढून घेण्याचा मोह मोठ्या मुलांस होतो, आणि खोटेपणाची संवय तेथूनच जडते.

हे निर्बंध पाळले तर हा खेळ मुलांस घातक होण्याचें कारण नाहीं. साठ जागा आहेत आणि मनांत तीनशें पानें आहेत. त्यांतून दोनशें चाळीस स्वतःच्या हातानें बाजूस ठेवणें, हा मनाचा व्यायाम लहान नव्हे. वडील मंडळींनीं एखाद्या संध्याकाळीं नातवाजवळ बसून त्यास एवढेंच विचारावें, ‘हें पान तूं कां घेतलेंस?’ त्यास उत्तर देतां आलें, तर तो खेळत आहे असें समजावें. न आलें, तर तो केवळ विकत घेत आहे, आणि तेथें आपण लक्ष घातलें पाहिजे.