वाळूची धूळ आणि ठेक्यावरचा कामगार

तेलाची टाकी, जहाज, लोखंडी पूल यांना रंग देण्यापूर्वी गंज आणि जुना रंग उडवावा लागतो. त्यासाठी कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर खरखरीत कण नळीतून जोराने मारतात. यालाच ब्लास्टिंग म्हणतात. पोलाद लख्ख होते, रंग वर्षानुवर्षे टिकतो. पण नोझल धरणारा माणूस किती टिकतो, हे कोण विचारणार?

खर्च वाचवण्यासाठी वाळू वापरली की ती पोलादावर आपटून फुटते. तिच्यातील सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण फुफ्फुसात रुततात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. अशा फुफ्फुसाला क्षयही लवकर गाठतो. मग केसपेपरवर फक्त 'टीबी' लिहिले जाते. टीबी म्हटले की दोष गरिबीचा. सिलिकोसिस म्हटले की दोष मालकाचा आणि नुकसानभरपाईचा हक्क कामगाराचा. फरक एका शब्दाचा आहे!

ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतील ब्लास्टिंगमध्ये वाळूला बंदी केली. जीन्स जुनाट दिसाव्यात म्हणून वाळू मारणारे तरुण मरू लागले, तेव्हा तुर्कस्तानने २००९ साली तो प्रकार बंद केला. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही सिलिकोसिस सरकारला कळवण्याच्या आजारांत आहे. मात्र त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची कामगारमर्यादा १० वरून २० वर नेली. सात-आठ पोरे घेऊन काम करणाऱ्या ठेकेदाराकडे निरीक्षक फिरकेल कशाला?

मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. धाग्याला विटाळ होता, धुळीला कधीच नव्हता. ठेकेदाराच्या हजेरीपटावर जात लिहीत नाहीत. पण तोंडाला फडके बांधून नोझल धरणारी पोरे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

वाळूऐवजी स्टील ग्रिट किंवा गार्नेट वापरता येते. स्टील ग्रिट महाग असली तरी गोळा करून पुन्हा पुन्हा वापरता येते. त्यासोबत बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे हेल्मेट हवे, दरवर्षी छातीचा एक्स-रे हवा आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात हवी. ही भीक नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामगाराच्या जिवाची जबाबदारी सरकारवर टाकली, तो आमचा वारसा आहे.

येत्या १४ एप्रिलला डीजेचा खर्च थोडा कमी करा. त्या पैशांत वस्तीतल्या ब्लास्टिंग कामगारांचे एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना सांगा, हा माणूस काय काम करतो तेही कागदावर लिहा. त्या एका ओळीवर उद्याचा दावा उभा राहील.