चाचणीनंतर काय?

अडीच-तीन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, तेव्हा 'याचे वडीलही उशिराच बोलू लागले' असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी आईची समजूत घालतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु जेव्हा ठरत नाही, तेव्हा वाट पाहण्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. कारण मेंदूची घडण झपाट्याने होते, ती याच वयात.

या जाणिवेतून केंद्र सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हाती घेतला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, जन्मजात व्यंगे व आजार यांबरोबर विकासातील विलंबही हेरला जावा आणि अशा बालकास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही योजना आहे. तिचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही.

मात्र मुलाचे मन वजनकाट्यावर तोलता येत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या बालकांतील स्वमग्नतेची लक्षणे हेरण्यासाठी अनेक देशांत वापरली जाणारी प्रश्नावली अवघ्या २० प्रश्नांची आहे. तिची उत्तरे पालकांनी 'होय' वा 'नाही' अशी द्यावयाची असतात. ती इशारा देते, निदान करीत नाही. तिने हेरलेल्या अनेक बालकांत पुढे स्वमग्नता आढळत नाही. इतर काही विकासविलंब मात्र पुष्कळदा आढळतो. म्हणूनच पहिल्या चाचणीनंतर तज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी होणे अपरिहार्य ठरते.

नेमका येथेच खरा प्रश्न उभा राहतो. नोंदवहीत नावापुढे खूण करण्यास काही मिनिटे पुरतात. वाचा-उपचार मात्र महिनोन्‌महिने चालतात. जिल्ह्याच्या गावी वारंवार जावयाचे, तर मजुरी करणाऱ्या आईचा दर वेळी रोज बुडतो. ती एक-दोनदा जाते, मग थांबते. उपचार राहतो बाजूला आणि मुलाच्या कपाळी 'वेडसर' हा शिक्का तेवढा उरतो. अशा वेळी चाचणी न होण्यापेक्षा ती अर्धवट होणे अधिक क्लेशदायक ठरते.

याचा अर्थ चाचण्या बंद कराव्यात असा नव्हे. अंगणवाडी सेविकेस पुरेसे प्रशिक्षण व सवड हवी. आईशी बोलताना 'दोष' न म्हणता 'मदतीची गरज' म्हणण्याचा विवेक हवा आणि उपचार तालुक्यापर्यंत पोचावयास हवेत. किती बालके तपासली, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. त्यांपैकी किती बालकांचे उपचार वर्षभर टिकले, हा आकडा त्याच्या शेजारी छापला गेला, तरच योजनेचे खरे मोल कळेल.