मीटर आमच्या दारात, माहिती कुणाच्या घरात?

घरोघरचे जुने वीज मीटर काढून त्या जागी स्मार्ट मीटर बसविण्याचे काम महावितरणने राज्यभर हाती घेतले आहे. सुमारे सव्वादोन कोटी मीटर बदलण्याची ही योजना आहे. आपला परभणी जिल्हा महावितरणच्या नांदेड परिमंडळात येतो आणि तोही या योजनेतून सुटलेला नाही. मीटर बसवायला माणूस आला की वस्तीतल्या आयाबहिणी पहिला प्रश्न विचारतात, "बिल वाढणार का?" प्रश्न रास्तच आहे. ज्याच्या घरात महिन्याकाठी मोजून पैसे येतात तो बिलाचाच विचार आधी करणार. या बिलाच्या प्रश्नावर राज्यात आंदोलने झाली. त्याचा परिणाम म्हणून सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना जून २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. पुढे २०२५ मध्ये तेच स्मार्ट मीटर 'टीओडी मीटर' या नावाने आले. फरक एवढाच की पैसे आधी न भरता नंतर भरायचे.

पण दुसरा एक प्रश्न आहे आणि तो कोणी विचारत नाही. हा मीटर कोणाशी बोलतो? आज आम्ही या प्रश्नाविषयी लिहीत आहोत.

जुना मीटर मुका होता. महिन्यातून एकदा माणूस यायचा, आकडा पाहायचा, फोटो काढायचा आणि निघून जायचा. त्या आकड्यावरून महिन्याची एकूण वीज कळायची, त्यापलीकडे काही नाही. नवा मीटर म्हणजे एक लहानसा संगणकच आहे. त्यात सॉफ्टवेअर आहे आणि माहिती दूर पाठविण्याची सोय आहे. घरात किती वीज वापरली जाते याची नोंद तो पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी ठेवू शकतो आणि माणूस न येता ती नोंद कंपनीच्या संगणकावर पोचवतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या वीज नियमांत दुरुस्ती केली. तीत स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून किमान एकदा दुरून झालेच पाहिजे, असे बंधन घातले आहे. शिवाय ही सगळी यंत्रणा महावितरण एकट्याने चालवीत नाही. मीटर बसविणे, सांभाळणे आणि त्यातली माहिती गोळा करणे हे काम खाजगी कंपन्यांना वर्षानुवर्षांच्या करारावर दिलेले आहे.

कोणी म्हणेल, विजेच्या युनिटात लपविण्यासारखे काय आहे? अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे ओळीने मांडून पाहा. घर पहाटे किती वाजता जागे होते, दिवसभर घरात कोणी असते की नाही, रात्री दिवा किती वाजेपर्यंत जळतो, हे त्यातून दिसते. आपल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दरवर्षी शेकडो कुटुंबे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लागते ते उन्हाळ्यातच उघडते. कोणत्या गल्लीतले कोणते घर रिकामे आहे आणि कोणत्या घरात एकटी म्हातारी मागे राहिली आहे, हे शेजाऱ्याला ठाऊक असते, कारण तो शेजारी आहे. तेच दूरच्या शहरातील संगणकाला ठाऊक असण्याचे कारण काय? उद्या हीच माहिती कर्ज देणाऱ्या कंपनीच्या, विमा कंपनीच्या किंवा पोलीस ठाण्याच्या हाती पडली तर काय होईल?

घरात शिरणारे यंत्र म्हणजे फक्त मीटर नव्हे. अमेरिकेत विझिओ नावाच्या कंपनीने १ कोटी १० लाख दूरचित्रवाणी संचांमध्ये असे सॉफ्टवेअर ठेवले होते की पडद्यावर काय चालले आहे याची क्षणाक्षणाची माहिती मालकाच्या नकळत कंपनीकडे जात होती. तेथील ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०१७ मध्ये त्या प्रकरणी कारवाई केली आणि कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी कर्जदाराच्या फोनमधील नातेवाइकांचे नंबर आणि फोटो उचलले आणि वसुलीसाठी बदनामी आरंभली. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा ॲपना फोनमधील संपर्क यादी व फोटोंना हात लावण्यास मनाई करावी लागली. तरीही दूरचित्रवाणी संच विकत घ्यायचा की नाही आणि ॲप ठेवायचे की नाही, हे निदान आपल्या हाती आहे. मीटरचे तसे नाही. मीटर नको म्हटले तर वीज नाही. म्हणून मीटरचा प्रश्न आम्ही सर्वांत गंभीर मानतो.

या प्रश्नाचा आंबेडकरी चळवळीशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी इतिहास पाहावा. बाबासाहेबांनी २४ मार्च १९४७ रोजी घटना समितीच्या उपसमितीपुढे मूलभूत हक्कांचे निवेदन ठेवले. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' म्हणून आपण ते ओळखतो. राज्य समाजवाद आणि स्वतंत्र वसाहती या मुद्द्यांसाठी त्याची आठवण काढली जाते. पण त्याच निवेदनात आणखी एक हक्क मागितलेला आहे. नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अकारण झडती व जप्ती होता कामा नये, असा तो हक्क आहे. अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीतले हे तत्त्व बाबासाहेबांनी आपल्या माणसांसाठी मागितले होते. ज्या माणसाच्या घरात पाटील, सावकार आणि शिपाई हवा तेव्हा शिरत आले, त्याच्या घराला उंबरठा मिळवून देणे हा त्यामागचा अर्थ आहे, असे आम्ही मानतो.

पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत याच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच आहे, पण उद्याचे विधिमंडळ ती काढून टाकू शकते, म्हणून ती त्याच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, असा त्यांचा युक्तिवाद होता. मात्र सभागृहात विरोध झाला, मतदान लांबले आणि शेवटी ती दुरुस्ती फेटाळली गेली.

त्याची किंमत देशाने मोजली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितले की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखे काही आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही, तेव्हा झडतीविरुद्ध खाजगीपणाचा हक्क आपण आणू शकत नाही. बाबासाहेब जे घालू पाहत होते ते घातले गेले नाही, म्हणून नागरिकाचे दार उघडे राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निर्णय मोडीत काढला आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याला हात घालायचा तर कायदा हवा, रास्त उद्देश हवा आणि हस्तक्षेप त्या उद्देशापुरताच हवा, अशी कसोटी लावून दिली. १९४८ साली जे नाकारले गेले ते मिळायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

आता ही कसोटी मीटरला लावून पाहू. बिल काढणे हा रास्त उद्देश आहे. वीजचोरी पकडणे हाही रास्त आहे. दिवसा वापरलेल्या विजेला सवलत द्यायची तर वेळेनुसार नोंद लागते, हेही आम्ही मान्य करतो. पण बिलासाठी दिवसाचे दोन-तीन आकडे पुरतात. चोरी शोधायला गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा हिशेब पुरतो. मग प्रत्येक झोपडीचा अर्ध्या तासाचा आलेख कशासाठी? तो किती वर्षे ठेवणार? कोणाला दाखविणार?

हे प्रश्न अन्यत्र विचारले गेले आहेत. नेदरलँड्समध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहात खाजगीपणाच्या मुद्द्यावर अडला आणि नंतर ग्राहकाला मीटर नाकारण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेतील नेपरव्हिल शहराच्या प्रकरणात २०१८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने म्हटले की दर पंधरा मिनिटांची वीज नोंद घेणे ही घटनेच्या अर्थाने घराची झडतीच आहे. ती झडती न्यायालयाने चालू दिली, कारण तिचा गुन्हे तपासाशी संबंध नव्हता. पण ही माहिती पोलिसांना सहज मिळू लागली तर निकाल वेगळा लागू शकतो, असेही बजावले. ज्या चौथ्या दुरुस्तीवर हा निकाल उभा आहे, तेच तत्त्व बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मागितले होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

परभणीकरांना झडती म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळील बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर भीमनगर, प्रियदर्शिनीनगर भागात पोलिसांनी कोंबिंग केले. घरात शिरून बायामुलांनाही मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी अटकेत गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. गुन्हा नोंदवा, हे ऐकण्यासाठी त्याच्या आईला ४ जुलै २०२५ पर्यंत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात लढावे लागले आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. मीटरमुळे हे घडले असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्या वस्तीत दार तोडून शिरायला कोणाला संकोच वाटत नाही, त्या वस्तीत न दिसणाऱ्या दाराने शिरायला कोणाला वाटणार? कोणत्या घरात रात्री दिवा होता आणि कोण कुठल्या दिवसापासून घर सोडून गेले, हे मीटरच्या नोंदीत असेल आणि ती नोंद मागायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागत नसेल, तर पुढच्या कोंबिंगची यादी कशावरून तयार होईल?

नोंद ठेवून माणसे काबूत ठेवण्याचा प्रयोग या देशात आधी झालेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती नोंदवहीत घातल्या, हजेरी लावली, गाव सोडायला परवाना लावला. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला, पण वहीत चढलेली नावे पोलिसांच्या डोक्यातून आजही गेलेली नाहीत. वही बदलते, संगणक येतो. वहीत कोणाचे नाव आधी चढते हे मात्र बदलत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे ना, असे सरकार म्हणेल. झाला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण नागरिकाची संमती आणि त्याचे हक्क सांगणारी मुख्य कलमे लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. कलम १७ प्रमाणे केंद्र सरकार सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली कोणत्याही सरकारी यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकते. माहिती फोडणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यात नुकसानभरपाई नाही. उलट पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये भरपाईची जी सोय होती, ती काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

आणि एक कलम मात्र सरकारने १८ महिने थांबविले नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलणारे ते कलम नियमांबरोबरच, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाले. पूर्वी व्यक्तिगत माहितीलासुद्धा त्याच कलमात सार्वजनिक हिताची वाट होती. आता 'व्यक्तिगत माहिती' एवढे दोन शब्द लिहून जन माहिती अधिकारी अर्ज परत करू शकतो. शिष्यवृत्ती कोणी लाटली, घरकुलाच्या यादीत कोणाची नावे घुसवली, अत्याचाराच्या प्रकरणात कोणत्या अधिकाऱ्यावर काय कारवाई झाली, हे आमचे कार्यकर्ते याच कायद्याने बाहेर काढत आले. म्हणजे गरिबाच्या घराला उंबरठा देण्याची घाई नाही आणि साहेबाच्या कपाटाला कुलूप घालण्याची घाई आहे. खाजगीपणाच्या नावाने चाललेला हा उलटा न्याय ओळखला पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मीटर बसविण्याआधी प्रत्येक ग्राहकाला मराठीत लेखी सूचना द्या. मीटर काय नोंदवतो, किती वेळाने नोंदवतो, माहिती कोठे व किती दिवस राहते, कोणत्या कंपनीच्या हाती असते, हे तिच्यात लिहा. घरगुती ग्राहकाची नोंद बिलाला लागते तेवढीच ठेवा आणि बिलाच्या तक्रारीची मुदत संपली की पुसून टाका. मॅजिस्ट्रेटच्या लेखी आदेशाशिवाय ती पोलिसांना देऊ नका. कोणत्याही खाजगी कंपनीला ती विकू वा वापरू देऊ नका. मीटर कंपन्यांशी केलेले करार जनतेसाठी खुले करा.

आणि हे मागण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. माहिती अधिकार अजून संपलेला नाही. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद शाबूत आहे. कराराची प्रत आणि माहिती साठविण्याचे धोरण ही कोणाची व्यक्तिगत माहिती नव्हे. दहा रुपयांच्या अर्जावर ती मागता येते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मीटरविषयी तक्रार असेल तर महावितरणच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलण्याला कचेरीत किंमत नसते.

जिल्ह्यातील प्रत्येक बुद्धविहारात या महिन्यात एक बैठक व्हावी आणि प्रत्येक वस्तीतून निदान एक अर्ज जावा. शिकलेल्या तरुणांनी तो लिहून द्यावा, वकील बांधवांनी तपासून द्यावा. घराचा उंबरठा बाबासाहेबांनी १९४७ मध्येच मागून ठेवला आहे. तो राखायचे काम आपले आहे.

जय भीम!